पहिल्या चुकीनंतरची शांतता

"अगं ए, थांब! मागे बघ! दप्तराची चेन उघडी आहे तुझी, पट्टी पडतेय बघ!"

हा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून यायचा आणि सगळ्या गल्लीत मिळून एकच मुलगी असल्यासारखा यायचा. खालून जाणारी मोठी माणसंसुद्धा दचकून आपापली पिशवी चाचपायची. आईच्या आवाजाला धार होती, पण धारेपेक्षा नेम जास्त होता. ती नुसतं 'नीट चाल' असं कधी म्हणाली नाही. डाव्या बुटाची नाडी, उजव्या हाताचा खड्डा, मागून सायकलवाला. 'वेंधळी कुठली' हे नंतर, आधी जागा. बाबा खिडकीशी पेपर वाचत म्हणायचे, "तुझी आई ओरडत नाही गं, पत्ता सांगते." दादाला मात्र लाज वाटायची. शर्टाचं खालचं बटण वरच्या काजात गेलंय हे मित्रांच्या घोळक्यात कळलं की तो मान वर करून म्हणायचा, "हळू बोल ना आई, सगळ्यांना कळतं." आणि वरून उत्तर यायचं, "बटण सगळ्यांना दिसतंय, मग कळायला काय झालं?" सगळी गल्ली हसायची. दादासुद्धा हसायचा, बटण सोडता सोडता.

इतक्या वर्षांनी हा आवाज आज सकाळी कचेरीत, संगणकाच्या पडद्यासमोर बसलेली असताना, त्या मुलीच्या कानाशी येऊन उभा राहिला. तिने वळूनही बघितलं. मागे काच, काचेमागे समोरच्या इमारतीच्या काचा, आणि एक माणूस दोरावर लोंबकळत त्या पुसत होता. खोलीत कुणी बोलत नव्हतं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवं होतं. सगळं बरोबर, सगळं जागच्या जागी. आणि तरी तिला बसवेना. हिरव्याकडे बघवेना.

तिचं काम चुका लिहिण्याचं होतं. ती माणसं एक भाषा बनवत होती, संगणकाला कामं सांगायची भाषा, आणि त्या भाषेचा एक तपासनीस होता. माणूस नव्हे, यंत्रातलाच. पण कचेरीत सगळे त्याच्याविषयी घरातल्या खडूस काकांविषयी बोलावं तसं बोलायचे. कुणी प्रोग्रॅम लिहिला की तो चालण्याआधी तपासनीस वाचायचा आणि सांगायचा: इथे आकडा हवा होता, तुम्ही नाव ओतलंय, इथे भरलेला डबा यायला हवा, तुमचा रिकामाही येऊ शकतो. तो हे नीट सांगतो का, योग्य शब्दावर बोट ठेवतो का, बघणं तिच्याकडे. म्हणून ती दिवसभर छोटे छोटे चुकीचे प्रोग्रॅम लिहायची, निगुतीने, एकेक चूक चिमटीत धरून ठेवल्यासारखी. प्रत्येक चुकीखाली खूण करायची की इथे, ह्या शब्दाखाली, हेच वाक्य उमटलं पाहिजे. उमटलं की हिरवं. ओळ चुकली, जास्त बोलला, कमी बोलला की लाल. दादा पूर्वी पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या छोटीला चुका करायचा पगार मिळतो. आम्ही बघा, फुकट करत बसतो." बाबा गेल्यानंतर हा विनोद त्याने पुन्हा केला नाही. तिलाही त्याची कधी आठवण करून द्यावीशी वाटली नाही.

"वाचलंस ते?" मास्तर खुर्ची सरकवत तिच्याजवळ आले. गटाचे प्रमुख. आधी शाळेत गणित शिकवायचे म्हणून मास्तर; इतकी वर्षं खडू हातात नसूनही बोलताना बोटं झटकायचे.

"वाचलं."

"सात नंबरची बस दोनशे बारा मिनिटांनी येणार. शहरभर, थांब्याथांब्यांच्या पाट्यांवर. सकाळभर."

"दोनशे बारा नंबरची बस सात मिनिटांनी येणार होती."

"ते तुला मला कळतं गं. थांब्यावरच्या म्हातारीला काय कळणार? गेली असेल बिचारी चालत." त्यांनी बोटं झटकली. "नंबराच्या जागी मिनिटं, मिनिटांच्या जागी नंबर. ह्यासाठीच तर आपण ह्या तपासनिसाला पोसलाय. मग गप्प का बसला हा?"

"त्याला गप्प बसवलाय."

"कुणी?"

"मी."

मास्तर हसले, मग हसायचे थांबले. त्यांनाही आठवलं असावं.

पाट्यांच्या त्या, ह्यांच्याच भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक उसना तुकडा होता, कुणीतरी कधीतरी लिहिलेला, आणि त्यात एक जुनी चूक होती. सगळ्यांना माहीत असलेली. दुरुस्त करायला लिहिणारा जागेवर नव्हता. म्हणून पाट्यांचं काम करणाऱ्यांनी त्या ओळीवर खूण करून ठेवली होती: माहीत आहे, सोड. तपासनिसाने सोडलं. पण तेवढंच सोडलं नाही. जी वस्तू मोडलेलीच आहे असं एकदा ठरलं, तिला पुढे जो जो हात लावेल, तिच्यातून जे जे निघेल, त्या सगळ्याला तो 'जाऊ दे' म्हणत गेला. आणि मग परवा कुणीतरी एक नवी, वेगळी, ताजी चूक केली. जुनीशी तिचं काही नातं नव्हतं. नुसती तिला लागून गेली होती. तीही गेली. हिरव्या कंदिलाखालून गेली.

आणि हे असंच व्हावं म्हणून चाचणीची एक फाइल होती, तिने लिहिलेली. पूर्वी तपासनीस एका चुकीवरून पडदा भरून बोंबलायचा. एक शब्द वर चुकला की खाली त्याला शिवलेल्या प्रत्येक ओळीला झोडपत सुटायचा. लोक रडकुंडीला यायचे. तेव्हा तीच बैठकीत बोलली होती, सहसा न बोलणारी ती: एकदा कळलंय ना की मोडलंय? मग त्याच्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकावर ओरडू नका. एकदा सांगा आणि गप्प बसा. मास्तर म्हणाले होते, माणुसकी आहे ह्यात. तिने त्याच दिवशी चाचणी लिहिली. वर एक चूक, खाली बऱ्याच ओळी, आणि त्या ओळींखाली खूण: इथे काहीही उमटता कामा नये. बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

"फाइल तुझी आहे," मास्तर उठता उठता म्हणाले. "ठेवायची की बदलायची ते तूच सांग. नवी आवृत्ती उद्या बाहेर जातेय, तेव्हा आजच सांग. आणि हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. चांगल्या हेतूने केलेलं आहे."

चांगल्या हेतूने. ती पुन्हा पडद्याकडे वळली. वाक्यं लिहून बघू लागली. सगळं ओरडायला नको, पण निदान एकदा, त्या जुन्या खुणेपाशी, काहीतरी म्हणायला हवं. 'ह्यापुढे चुका नाहीत' हे खोटं. 'ह्यापुढे चुका असू शकतात' हे तर कशालाही म्हणता येतं, देवाच्या दारातसुद्धा. शेवटी तिने लिहिलं: 'ह्यापुढचं तपासलेलं नाही.' आणि त्या वाक्याकडे बघत बसली. दोन्ही हिरवंच दिसत होतं की आत्तापर्यंत. बरोबर असलेलंही हिरवं आणि न तपासलेलंही हिरवं. बाहेरून बघणाऱ्याला कसं कळणार? काचा पुसणारा माणूस आता तिच्या खिडकीसमोर आला होता. त्याने काचेवर फेस ओढला आणि तो, समोरची इमारत, आभाळ, सगळं पुसट झालं. मग एका सपाट्यात सगळं पुन्हा लख्ख झालं आणि त्याचा चेहरा एकदम इतका जवळ आला की तिने खुर्ची मागे घेतली.

फोन थरथरला. वहिनीचा निरोप. 'आईंची दाढ पुन्हा. दुपारचं पान तसंच. हे म्हणतात गोळी दिलीय, गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे नेतो. तुम्ही काळजी करू नका, नुसतं कळवलं.'

दाढ. दोनतीन आठवडे दाढच चालू होती. गेल्या रविवारी ती आईला घेऊन खाली बागेत गेली होती आणि येताना आई जिन्यात थांबली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर शेजाऱ्यांनी कुंड्या ठेवल्यात, तिथे. "बाई, किती वाढलंय गं हे," आई म्हणाली. झाड काही वाढलेलं नव्हतं; होतं तेवढंच होतं, दोन पानं पिवळी. आईने कुंडीच्या कडेला एक हात टेकला होता आणि दुसरा गालावर. "दाढ?" तिने विचारलं. "हो, मेली." मग आई एका पानावरची धूळ बोटाने पुसत राहिली, मग दुसऱ्या पानावरची. वरच्या वळणावर खिडकीतून दिसणारी बाहेरची गाडी बघायला थांबली. आईला गाड्यांचं कौतुक कधीपासून? पायरी पायरीला थांबा आणि थांब्या थांब्याला निमित्त. वर पोचल्यावर पाच-दहा मिनिटांत आईचा गाल दुखायचा राहिला आणि तिने टोस्ट खाल्ला. कडक टोस्ट. त्याच बाजूने. कटकट आवाज करत.

पडद्यावर ते वाक्य तसंच होतं. दाढेला जिना कसा कळेल? हा प्रश्न तिच्या डोक्यात आला तो कुणीतरी बाहेरून टाकल्यासारखा आला. टोस्ट चावताना न दुखणारी दाढ जिना चढताना का दुखते? बसलं की का थांबते? हे तिने रविवारी बघितलं होतं, पूर्ण बघितलं होतं, ओळ अन् ओळ. आणि तिच्या आत कुठेही लाल झालं नव्हतं. कारण दादा म्हणाला होता दाढ. आणि दादा जे म्हणतो त्याला ह्या घरात कुणी हात लावत नाही.

बाबा गेले तीही दुपारच होती. रविवार, जेवणं झालेली, बाबा टीव्हीसमोर आडवे. ती ओट्याशी ताटं पुसत होती. बाबा म्हणाले, "खांद्यात काहीतरी धरलंय गं. आणि घाम का येतोय?" आई लगेच म्हणाली, "डॉक्टरांना फोन करूया का?" आणि दादा हसला. वाईट हसला नाही, दादा कधी वाईट हसतच नाही. "आई, तू पण ना! असे वाकडे झोपल्यावर मान अवघडणार नाही तर काय? नको फोनबिन. रविवारी कशाला त्रास त्यांना." आत जाऊन स्वतःची उशी घेऊन आला. बाबांची मान एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने त्याने ती खाली सारली, इतक्या अलगद की बाबा म्हणाले, "नर्स व्हायचं होतंस." पडदे ओढले. "जरा पडा. चहाला उठवतो." आणि चहाला उठवायला तोच गेला, कप घेऊन. कप फुटल्याचा आवाज आला नाही. त्याने तो नीट खाली ठेवला होता. मग नुसताच उभा होता.

माणसं येत राहिली, जात राहिली. झोपेत गेले, भाग्याचे, म्हणत राहिली. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आधी आणलं असतं तरी सांगता येत नाही. आणि आई, डोळे कोरडे, येईल त्याला म्हणत होती, "कुणाची चूक नाही." कुणी विचारलंच नव्हतं. तरी म्हणत होती. दादा कोपऱ्यात बसलेला, आणि आई त्याच्यावरून हात फिरवावा तसं ते वाक्य सगळ्या खोलीवरून फिरवत होती. कुणाची चूक नाही, कुणाची चूक नाही.

त्या दिवसानंतर तिसऱ्या मजल्यावरून दादाच्या नावाने कधी आवाज आला नाही. तो बिल भरायला विसरला, असू दे. त्याने पाहुण्यांना चुकीचा पत्ता दिला. असू दे रे. तिला सगळ्यात लख्ख आठवतो तो चहाचा दिवस. दादाने कौतुकाने सगळ्यांचा चहा केला होता, आणि साखरेच्या जागी मीठ पडलं. वहिनी आणि ती अजून कपाला तोंड लावायच्या होत्या. आईने प्यायला सुरुवात केली होती. दादाने स्वतःचा घोट घेतला, थबकला, आणि आईच्या कपाकडे बघितलं. तो रिकामा होता. "छान झालाय," आई म्हणाली. दुसऱ्या कुठल्या घरात हसून हसून मुरकुंडी वळली असती. दादा हसला नाही. त्याने सगळे कप गोळा केले आणि मोरीत उभा राहून धूत राहिला. एकच कप, कितीतरी वेळ, नळ सोडून. त्याची पाठ दिसत होती. तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं होतं की ह्या माणसाने आता काहीही केलं तरी चालणार आहे, आणि ह्याच्यासारखी वाईट गोष्ट नाही. येऊन गेलं. तिने जाऊ दिलं.

ती उठली. पिशवी घेतली, फोन राहिला, परत आली.

"मास्तर, ती फाइल बदलायची."

"बरं. कशी?"

"मी एक वाक्य लिहून ठेवलंय. बाकीचं उद्या येऊन करते."

"उद्या आवृत्ती जातेय, बाई."

"मग थांबवा."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. बोटं झटकायला वर नेली आणि तशीच खाली आणली. "घरी सगळं बरं ना?"

"तपासलेलं नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून जिन्याकडे गेली.

बसमध्ये जागा होती, पण ती उभी राहिली. बाहेर दुकानांचे दिवे लागायला लागले होते, अजून उजेड असताना लागतात तसे, फिके, गरज नसल्यासारखे. तिला प्रत्येक माणसाचं काहीतरी सुटलेलं दिसत होतं. एकीची ओढणी दारात अडकायच्या बेतात, एकाच्या पाठीवरच्या पिशवीतून छत्रीचं टोक बाहेर, एक बाई फोनवर बोलत रस्ता ओलांडणारी. तोंडापर्यंत शब्द येत होते. आईसारखा आवाज आपल्याला नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिचा आवाज ओठाशी येऊन मऊ पडायचा, समोरच्याला ऐकू जाईपर्यंत त्याचं 'कदाचित' व्हायचं. आत्ताही ती मनात वाक्यं जुळवत होती. दादा, मला असं वाटतं की. दादा, रागावू नकोस पण. दादा, एकदा नुसतं दाखवून घेतलेलं बरं. सगळी वाक्यं मोडीत काढण्याजोगी. तपासनिसाने असं वाक्य दिलं असतं तर तिनेच लाल केलं असतं: काय चुकलं ते नाही, कुठे ते नाही, नुसतं 'वाटतं'. आणि खरं सांगितलं तर? दादा मोडेल. ह्या एका भीतीभोवती ते घर उभं होतं, मधे काचेचं भांडं ठेवून सगळ्यांनी भिंतीकडेने चालावं तसं. पण आई भिंतीकडेने चालता चालता दमली होती. आई जिन्यात थांबत होती. दादा मोडेल का, आणि आई राहील का: दोन्ही प्रश्न तिने शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कुठे तिला कळलं की इतके दिवस आपण एकच प्रश्न धरून बसलो होतो.

तिसऱ्या मजल्यावरचं दार वहिनीने उघडलं. "बाई बाई! निरोपावर निरोप येतो, माणूस नाही. या." आणि आवाज खाली आणून, "बरं झालं आलात."

आई खुर्चीत बसलेली, अंगावर शाल, समोर बशीत दोन बिस्किटं. दादा स्वयंपाकघरातून बाहेर आला, हात पुसत. केस पांढरे झालेत त्याचे, हे तिला दर वेळी नव्याने दिसायचं.

"छोटी! आज काय, चुका संपल्या वाटतं कचेरीतल्या?"

इतक्या वर्षांनी त्याने तो विनोद केला होता, अर्धा. आजच का?

"नाही संपल्या," ती म्हणाली. "आई, कशी आहे दाढ?"

आईने आधी दादाकडे बघितलं. "असू दे गं. तिचंही वय झालं."

"गोळी दिलीय," दादा म्हणाला. "गुरुवारची वेळ मिळालीय. काढायची म्हटली तर काढून टाकू, कशाला ठेवायची?"

"बिस्कीट खाताना दुखली, आई?"

"नाही."

"आणि जिन्यात?"

आई शालीची कड सरळ करू लागली. सरळच होती ती.

"काल गच्चीवर चालल्या होत्या कपडे वाळत घालायला," वहिनी म्हणाली, "अर्ध्यातून परत. म्हटलं काय झालं? तर म्हणे चिमटे विसरले."

"विसरले होते."

"हातात होते आई तुमच्या. बरणीच्या बरणी."

"तुझी नजर म्हणजे ना," आई म्हणाली, पण आवाजात दम नव्हता, आणि ती हसली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम दिसला. पंखा चालू होता.

"दादा," ती म्हणाली, "मला वाटतं, म्हणजे कदाचित दाढ नसेलही. एकदा मोठ्या दवाखान्यात..."

"गुरुवारी दाखवतोयच की."

"हो, तो दाखवतोय की," आई लगेच म्हणाली.

आणि गेलं. तिला ते जाताना दिसलं. तिचं वाक्य, दादाचं, आईचं, एकाला एक लागून, कुठेही न अडकता, हिरव्याखालून. वहिनी बशी उचलायला वाकली. म्हणजे संध्याकाळ पुढे निघाली होती; आता चहा होणार होता, मग बातम्या, मग तिला बस मिळेल का ह्याची चर्चा. ती उभी राहिली, का ते तिला कळलं नाही, बसून बोलता आलं नसतं एवढंच.

"दादा, बाबांना त्या दुपारी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

वहिनीच्या हातातली बशी हातातच राहिली.

"काय बोलतेस," आई म्हणाली. "अगं, कुणाची..."

"थांब आई. दादा, आई फोन करूया म्हणाली होती, तू नको म्हणालास. ते चुकलं. नेलं असतं तर बाबा राहिले असते का, मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण नको म्हणणं चुकलं." तिचा आवाज कापत होता, पण मऊ पडत नव्हता. "उशी नाही चुकली. पडदे ओढलेस ते नाही चुकलं. तू चहा घेऊन गेलास, आम्हाला हाक मारायला तुला वेळ लागला, तेही नाही. फोन नको म्हणालास, तेवढं चुकलं."

दादा भिंतीला टेकला. त्याचा चेहरा मोडला नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होती, मोडतो का म्हणून, आणि तो मोडत नव्हता. उलट खूप दिवस उन्हात डोळे बारीक करून चाललेल्या माणसाने सावलीत यावं तसा सैल होत होता, एकेक स्नायू.

"तेवढं?" त्याने विचारलं.

"तेवढंच."

"मी तर..." तो म्हणाला, आणि हाताने सगळी खोली, स्वतःला, खुर्चीला, आईला दाखवल्यासारखं करून थांबला. त्याने तोंडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "कुणी बोललंच नाही गं. मला वाटायचं, बोलण्याच्याही पलीकडचं असेल."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार लावलं. दादा भिंतीपासून सुटला आणि आईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला, मांडी न घालता, गुडघ्यांवर. त्याने आईचा हात हातात घेतला आणि तो घेताच वर बघितलं, कारण हात ओला होता, गार होता.

"आई," तो म्हणाला, "मी सांगत नाही. विचारतोय. दाढच आहे ना?"

आईने तिच्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. मग कुणाकडेच नाही. तिचा श्वास अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा निघाला. दादाच्या पांढऱ्या केसांवर तिने दुसरा हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून, दादाने धरलेल्या हाताने, सावकाश, एकेक जागा दाखवत बोलली.

"दाढ नाही रे. छातीतून येतं. इथून वर, इथे, आणि मग ह्या हातात. जिन्यात यायचं, बसलं की जायचं. तू दाढ म्हणालास, पुन्हा तुझं चुकलं असं नको व्हायला, म्हणून म्हटलं दाढ तर दाढ." ती थांबली. "आज बसूनसुद्धा जात नाहीय. आत्ता दुखतंय."